उंच टोपी, पॉलिशचे बूट आणि वामेची बातमी: हाँगकाँगमध्ये खोटं कौतुक कसं ओळखायचं

हाँगकाँगला येऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. हुंग होमच्या मंडईत भाजीवाल्या मावशींनी हाक मारली, "लेंग-नोय!" सोबतची मैत्रीण कानात पुटपुटली, "सुंदरी म्हणतायत तुला." मी एवढी खूश झाले की भावबिव न विचारता छॉय-समच्या दोन जुड्या पिशवीत टाकल्या. पैसे मोजत होते तेवढ्यात मागून काठी टेकत ऐंशीच्या घरातल्या एक आजी आल्या. मावशींनी त्याच सुरात, तेवढ्याच जिव्हाळ्याने हाक दिली, "लेंग-नोय!"

त्या दिवसापासून मी या भाषेतल्या कौतुकाकडे जरा सावधपणे बघते.

इथे इंग्रजीवर दिवस निघतात, हे खरं. पण २०२१च्या जनगणनेत सुमारे ८८ टक्के लोकांची रोजची भाषा कँटोनीज होती. लिफ्टमध्ये, चहाच्या टपरीवर, ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर जे खरं बोलणं चालतं ते तिच्यातच. माझं मत विचाराल तर कौतुक करण्यापेक्षा कौतुकाची टर उडवण्यातच ही भाषा जास्त रमते. नवख्या माणसाने हे शब्द कोणत्या क्रमाने उचलावेत ते खाली लिहिलं आहे. आधी नुसते ऐकायचे, मग स्वतःवर वापरायचे, मग हजर नसलेल्या तिसऱ्यावर. समोरच्या माणसावर अगदी शेवटी, आणि तेही तो तुमचा चांगला मित्र असेल तरच. मी हा क्रम उलटा केला होता. काय झालं ते पुढे येईलच.

पायरी १: आधी कान

मराठी माणसाला इथे एक आयती सवलत मिळते, आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कँटोनीजमध्ये क आणि ख, त आणि थ, प आणि फ असा स्पष्ट फरक आहे. इंग्रजांना तो ऐकू येताना घाम फुटतो, आपण तो बालवाडीत गिरवलेला असतो. गोंधळ होतो तो रोमन लिपीमुळे. १९९३ साली हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने 'ज्युतपिंग' नावाची रोमन पद्धत आणली. तिच्यात 'जी' लिहिलं की उच्चार क आणि 'के' लिहिलं की ख. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. त्यामुळे पुस्तक उघडल्या उघडल्या आपल्या वहीत देवनागरीत उतरवून घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

च मात्र 'चार'मधला नाही, 'चमचा'मधला. (विषयाला धरूनच उदाहरण सापडलं.) त्याच जागी जीभ ठेवून जोरात हवा सोडली की झाला त्यांचा छ. शेवटी येणारे क, त, प ओठांत किंवा घशात गिळून टाकायचे. आणि 'म्' हा एकटाच अख्खा शब्द आहे, त्याचा अर्थ 'नाही'.

सूर सहा. ज्युतपिंगमध्ये प्रत्येक अक्षरामागे १ ते ६ आकडा असतो: १ उंच आणि सपाट, २ वर चढणारा, ३ मधला, ४ खाली उतरणारा, ५ खालून थोडा चढणारा, ६ खालचा सपाट. मीही खाली जिथे गरज आहे तिथे कंसात आकडे देते. हे आकडे शोभेचे नाहीत, याचा पुरावा पुढच्याच पायरीवर.

पायरी २: 'लेंग' पचवायला शिका

'लेंग' (३) म्हणजे सुंदर, छान. 'लेंग-चय' (३-२) म्हणजे देखणा मुलगा, 'लेंग-नोय' म्हणजे सुंदर मुलगी. मंडईत, केस कापायच्या दुकानात, फोनवर विमा विकणाऱ्याच्या तोंडी हे शब्द म्हणजे आपले 'साहेब', 'ताई', 'काका'. कौतुक म्हणून घेऊ नका, हाक म्हणून घ्या. वयाची, रूपाची अट नाही.

आता सूर. तोच 'लेंग-चय' पहिला सूर उंच ठेवून (१-२) म्हणालात, तर अर्थ होतो 'कालचं पोरगं', 'फाजील कार्टं'. तुम्हाला म्हणायचं असतं "काय देखणा दिसतोयस", आणि समोरचा ऐकतो "ए पोरट्या". आमच्या ओळखीतल्या एका मराठी सद्गृहस्थांनी इमारतीच्या रखवालदाराला सलग महिनाभर हेच ऐकवलं. रखवालदार साठीचा. तो बिचारा हसून दार उघडायचा.

आणि एक गंमत. चहा-नाश्त्याच्या जुन्या उपाहारगृहांत, ज्यांना इथे 'छा-छान-थेंग' म्हणतात, तिथल्या वेटरांची स्वतःची सांकेतिक भाषा आहे. तिच्यात 'लेंग-चय' म्हणजे साधा पांढरा भात आणि 'लेंग-नोय' म्हणजे साधी पेज. तेव्हा वेटर आतल्या बाजूला "एक देखणा!" असं ओरडला तर केस नीट करू नका, शेजारच्या टेबलावर भात येतोय.

पायरी ३: ऑफिसातले तीन शब्द

खरा खजिना इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पहिला: 'छात-हाय' (३-४). शब्दशः, बूट पुसणे. अर्थ, वरिष्ठाला मस्का लावणे. असं करणारा तो 'छात-हाय-चय', बूटपुशा पोऱ्या. शब्द इतका रोजचा आहे की नुसतं हाताने बुटावर ब्रश फिरवल्याची खूण केली तरी टेबलावरच्या सगळ्यांना कळतं. खरे बूटपॉलिशवाले बघायचे असतील तर सेंट्रल स्टेशनाला लागून असलेल्या थिएटर लेनमध्ये जा. वर्षानुवर्षं ते त्या गल्लीत खुर्च्या मांडून बसत आलेत. त्यांचा धंदा चोख, आणि बूट खरोखर चमकतात. ऑफिसातल्यांबद्दल तशी खात्री देता येत नाही.

उच्चाराची एक गंभीर सूचना. 'हाय'मधला आ लांब ठेवा आणि सूर खाली उतरवा. आ आखडून सूर उंच नेलात तर ती इथली फार घाणेरडी शिवी होते. सराव घरी करा, लिफ्टमध्ये नको.

दुसरा: 'थॉक-ताय-क्योक' (३-६-३). मोठ्याचा पाय खालून उचलून धरणे. 'क्योक'मध्ये आपल्या 'पाय'सारखंच पाऊल आणि तंगडी दोन्ही येतं. बूट पुसणारा एखाद्या वेळी कामापुरतं पुसतो, पण पाय धरून ठेवणारा तो कायमच धरून ठेवतो. बूटपुशापेक्षा हा जास्त लाचार, असा मला जाणवलेला फरक आहे. हुजरेगिरी म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा माझा लाडका: 'ताय-कोउ-मोउ' (३-१-२), डोक्यावर उंच टोपी चढवणे. आपण हरभऱ्याच्या झाडावर चढवतो, ते टोपी घालतात. आपल्याकडे टोपी घालणं म्हणजे फसवणं, तेव्हा मराठी कानाला इथे दोन्ही अर्थ एकदम लागतात आणि ते फारसं चुकीचंही नाही. यामागे एक जुना चिनी विनोद आहे. एक शिष्य परगावी अधिकारी म्हणून निघाला. निरोप घ्यायला गुरूंकडे गेला. गुरू म्हणाले, "सांभाळून राहा रे बाबा." शिष्य म्हणाला, "काळजी नको, शंभर उंच टोप्या बरोबर घेतल्यात. भेटेल त्याला एक घालीन." गुरू संतापले: "आपण सरळ मार्गाची माणसं. असली थेरं कशाला?" शिष्य हात जोडून म्हणाला, "खरं आहे गुरुजी. पण टोपी न आवडणारी तुमच्यासारखी माणसं या जगात आहेत किती?" गुरूंनी समाधानाने मान डोलावली. शिष्य बाहेर येऊन मित्राला म्हणाला, "नव्व्याण्णव उरल्या."

घोड्याच्या ढुंगणावर थाप मारणे, 'फाक-मा-फेय', हाही शब्द कानावर येईल. तो सगळ्या चिनी मुलखात चालतो, इथेही कळतो. पण हाँगकाँगच्या मातीतला म्हणाल तर बूटच.

आता माझी चूक. नोकरीला लागून तीन-चार महिने झाले होते. टीमच्या जेवणात एका सहकाऱ्याने साहेबांच्या प्रेझेंटेशनची तारीफ केली. जरा जास्तच केली. मला नवा शब्द वापरायची हौस. मी हसत हसत, सगळ्यांसमोर, साहेबांच्या देखत म्हटलं, "छात-हाय!" उच्चार पहिल्यांदाच बिनचूक आला होता. टेबलावर असली शांतता पसरली की शेजारच्या टेबलावरचे चमचे ऐकू यायला लागले. सहकारी लाल, साहेब माशातले काटे काढण्यात मग्न. नंतर एका सीनियर बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं: तो काही खोटं बोलत नव्हता, तो तोंड राखत होता.

इथला शब्द आहे 'पेय-मिन' (२-२), तोंड देणे, म्हणजे मान राखणे. साहेबांनी सगळ्यांना जेवण दिलं, बदल्यात कुणीतरी चार शब्द बरे बोलायचे. हे कर्जफेडीसारखं असतं, त्याला मस्का म्हणायचं नसतं. अशा बोलण्याला 'मुन-मिन' बोलणं म्हणतात, दर्शनी बोलणं: घराच्या पुढच्या बाजूला रंग असतो तसं. त्याला खोटं म्हणून पकडायला जाणाराच अडाणी ठरतो. मी त्या दिवशी ठरले.

पायरी ४: पाणी फुंकणारे

'छोय-सोय' (१-२). 'छोय' म्हणजे फुंकणे, 'सोय' म्हणजे पाणी. मित्रमंडळी जमवून गप्पा हाणणे हा सौम्य अर्थ, आणि फेकणे हा दुसरा. "ये, जरा छोय-सोय करू" हे आमंत्रण आहे, जरूर जा. "तो नुसता छोय-सोय करतो" हे प्रमाणपत्र आहे, त्याला पैसे उसने देऊ नका.

फेकणं हाताबाहेर गेलं की म्हणतात 'छोय-सोय म्-मात-चोय', पाणी फुंकतो आणि तोंडसुद्धा पुसत नाही. थुंकी उडाली तरी भान नाही, असं चित्र. त्याच्याही पुढचा तो 'छे-ताय-फाऊ', मोठी तोफ डागणारा, आपल्याकडचा पुड्या सोडणारा. बोलणं फारच नक्षीदार झालं तर ते 'थिन-फा-लुंग-फुंग' होतं. फुलं काय, ड्रॅगन काय, फिनिक्स काय, देवळाच्या छतासारखं सगळं त्यात येतं. आणि शेवटी हातात काहीच पडलं नाही की एक छोटा निकाल: 'तक-पा-हाउ', असलंच तर नुसतं तोंड आहे.

या कुटुंबातला एक शब्द मात्र फसवा. 'छोय-मे?' ऐकून कुणी गप्पांना बोलावतंय असं वाटेल. तसं नाही. त्याचा अर्थ "काय वाकडं करणार आहेस माझं?" हा शब्द कानावर आला तर तिथून निघा.

आणि मराठी माणसाला फुकटात मिळणारा एक: 'छे!' (१). थाप ऐकून, तुच्छतेने, तोंडातल्या तोंडात. उच्चार जवळजवळ आपल्यासारखा, अर्थही जवळजवळ आपल्यासारखा. फक्त सूर उंच धरा. हे कसं जुळलं ते देव जाणे, पण मी पहिल्यांदा ट्राममध्ये एका शाळकरी पोरीच्या तोंडून ऐकलं तेव्हा चमकून मागे बघितलं, कुणी साताऱ्याचं बसलंय की काय म्हणून. मोठ्या माणसांसमोर वापरू नका. आपणही नाही वापरत.

पायरी ५: बाजारातली हवा

माणसांच्या कौतुकानंतर वस्तूंचं कौतुक. इथे खिशाचा संबंध येतो, तेव्हा नीट वाचा.

सुरुवात एका माशापासून. गोड्या पाण्यातली एक भली मोठी ठिपकेदार वाम असते. ती महाग, आणि एकदा कापली की त्याच दिवशी संपवावी लागते. चार-दोन गिऱ्हाइकांसाठी ती कापणं हॉटेलाला परवडत नाही. म्हणून गेल्या शतकात हॉटेलवाले वर्तमानपत्रांत बातमीवजा मजकूर पाठवायचे: अमुक दिवशी आमच्याकडे एवढ्या वजनाची वाम कापली जाणार आहे, खवय्यांनी आपला वाटा आधीच सांगून ठेवावा. संपादकाला पानातली रिकामी जागा भरायला मजकूर मिळायचा, हॉटेलाला गिऱ्हाईक. ती जाहिरात होती, पण बातमीच्या वेषात. तेव्हापासून पैसे किंवा मर्जी घेऊन छापलेल्या प्रत्येक गोड मजकुराला इथे 'सिन-कोउ' (५-२) म्हणतात, म्हणजे वामेचा मजकूर. वामेची पानं गेली, शब्द राहिला. आता फोनवर एखादी हसरी मुलगी नव्या कॅफेतला केक खाऊन डोळे मिटते, तेव्हा खाली कुणीतरी हमखास विचारतं, ही वाम का?

शेतातली उपमा हवी असेल तर 'माय-फा चान-फा-ह्योंग': फुलं विकणारी फुलांच्या वासाची तारीफ करते. 'ह्योंग' म्हणजे सुगंध, हाच शब्द शहराच्या नावात आहे, ह्योंग-काँग, सुगंधी बंदर. 'चान' (३) म्हणजे तारीफ करणे, आणि तो लक्षात ठेवायला आपल्याला 'छान' पुरतो. फेसबुकच्या इथल्या आवृत्तीत लाइकच्या बटणावर 'चान-होउ' लिहिलेलं असतं.

आता घर भाड्याने घेणं. दलालाच्या तोंडी पहिला शब्द येईल 'सन-फुन'. 'सन' म्हणजे बांबूचा कोंब, कोवळा, दुर्मीळ, लगेच खुडावा असा. 'फुन' म्हणजे विकायला किंवा भाड्याने द्यायला आलेली जागा. तेव्हा 'सन-फुन' म्हणजे लॉटरी लागावी असं घर. आमच्या दलालाने सकाळपासून दाखवलेल्या पाचही जागा कोवळे कोंबच होत्या. चौथ्या जागेला 'अजिंक्य समुद्रदर्शन' होतं. जाहिरातींतला हा खास इथला शब्दप्रयोग. समुद्र खरंच दिसला. न्हाणीघरातल्या खिडकीतून, कमोडवर उभं राहून, मान डावीकडे वळवल्यावर, दोन इमारतींच्या मधल्या फटीत, साधारण पोस्टकार्डाएवढा.

दलालाच्या शब्दांवर उतारा म्हणून गिऱ्हाइकांनीही शब्द तयार केलेत, आणि ते जास्त प्रामाणिक आहेत. एका घराचे तुकडे करून भाड्याने दिलेल्या खोलीला म्हणतात 'थाँग-फाँग'. यातला 'थाँग' म्हणजे मासा किंवा कोंबडी कापणे. वर त्या वामेला जी सुरी लागते तीच या घरांना लागते. आणि 'फात-सोय-लाउ' म्हणजे पाण्याने फुगवलेलं घर: कागदावर मोठं, आत शिरलं की आक्रसलेलं. सुपर बिल्टअप नावाचं दुखणं ज्याने पुण्या-ठाण्यात सोसलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. २९ एप्रिल २०१३ पासून इथे लागू झालेल्या कायद्याने नव्या घरांच्या विक्रीत फक्त प्रत्यक्ष वापरण्याजोगं क्षेत्रफळ सांगायचं बंधन आलं. जुन्या जागा बघताना मात्र मी अजूनही मोजपट्टी घेऊनच जाते.

नवखा काय करील? दलाल 'सन' म्हणाला की एकच प्रश्न विचारा: वापरण्याजोगे चौरस फूट किती? आणि उत्तर येईपर्यंत खिडकीकडे बघू नका.

शेअर बाजारवाल्यांसाठी एक जोडी. 'छ्योंग-होउ' म्हणजे एखाद्या गोष्टीचं चांगलं गाणं, भाव वर जावा म्हणून. 'छ्योंग-सोय' म्हणजे वाईट गाणं. (हा 'सोय' उंच सुराचा, पाण्याचा नव्हे.) बातम्यांत रोज असतात. गाणारा स्वतः काय धरून बसलाय ते बघितल्याशिवाय टाळी देऊ नये.

पायरी ६: फोनवर

थोडक्यात, कारण हे तुम्हाला आठवड्यात कळेल. 'आक-लाइक' म्हणजे फसवून लाइक मिळवणे: मांजर, बाळ, सलाइन लावलेला हात. 'साय-मेंग' (३-६) म्हणजे आपलं नशीब उन्हात वाळत घालणे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. 'बाई गं, बिझनेस क्लासमध्ये झोपच लागत नाही' ही तक्रार करणारी बाई साय-मेंग करत असते. एवढा नेमका शब्द मराठीत नाही याचं मला वाईट वाटतं. आपल्याला 'मिरवणे'वर भागवावं लागतं.

'वय-लोउ' (४-४) म्हणजे शेगडीभोवती कोंडाळं करून बसणे, एकाच मताच्या लोकांनी एकमेकांना ऊब देणे. त्याची जराशी चावट बहीण 'वय-वय-वय' (४-१-३). उच्चार एकच, सूर तीन. तू मला शहाणा म्हण, मी तुला शहाणा म्हणतो. उंटाच्या लग्नात गाढवाचं गाणं झालं आणि दोघांनी एकमेकांचं रूप नि आवाज वाखाणला, अहो रूपम् अहो ध्वनिः, ती ही मंडळी.

पायरी ७: शेपूट बघा

तुमचं कौतुक होतंय की टर, हे शब्दावरून कळत नाही, वाक्याच्या शेपटावरून कळतं. 'लेक' म्हणजे हुशार. "नेय होउ लेक", तू फार हुशार आहेस, हे सरळ. पण "नेय लेक-साय ला!" म्हणजे जगातली सगळी हुशारी तुझ्याकडेच, म्हणजे आपलं "तूच एक शहाणा!" हा 'साय' (३) म्हणजे 'सगळं'. कौतुकाच्या शब्दाला 'साय' चिकटला की कान टवकारा. "तुझं सगळं बरोबर" यातही तोच असतो आणि तो भांडणाचा शेवट असतो, समेट नव्हे.

लगेच घाबरूनही जाऊ नका. 'तो-चे-साय' म्हणजे 'खूप खूप आभार', त्यात काही खोच नाही. आभाराला लागलेला साय गोड, हुशारीला लागलेला आंबट. याचं कारण मला कुणी पटेल असं सांगितलं नाही, मी आता विचारायचंही सोडलंय.

दुसरं शेपूट 'वो' (३). 'अरेच्चा, असं आहे होय' असा त्याचा भाव. परदेशी माणसाने नुसतं 'नमस्कार' म्हटलं तरी लोक म्हणतात, "नेय क्वाँग-तुंग-वा होउ-होउ वो!" तुमची कँटोनीज काय छान आहे हो! हे ऐकून मी घरी फोन करून सांगितलं होतं. पाच वर्षांनी, खरंच बरं बोलायला लागल्यावर, लोकांनी हे म्हणणं बंद केलं आणि सरळ उत्तरं द्यायला लागले. तेव्हा कळलं, की खरं प्रमाणपत्र ते होतं.

आता उत्तर काय द्यायचं. आभाराचे इथे दोन शब्द आहेत. दार धरलं, चहा आणून दिला, तर 'म्-कॉय'. भेटवस्तू दिली किंवा कौतुक केलं, तर 'तो-चे'. कौतुकाला 'म्-कॉय' म्हटलंत तर वेटरचे आभार मानल्यासारखं होतं. पण नुसतं 'तो-चे' म्हणून थांबलात तर टोपी डोक्यावर घट्ट बसवून घेतल्यासारखं दिसतं, म्हणून आधी थोडी झटकायची: 'पिन याउ आ!' (१-५-३), कुठलं काय! ऑफिसात, वयाने मोठ्यांना, 'क्वो-च्योंग' (३-२), जास्तच तारीफ करताय. मित्रांत, हसत, 'म्-होउ वान ङो ला', माझी फिरकी घेऊ नका.

समोरचा उघड उघड गंडवतोय आणि तो मित्र आहे, तर एक अस्सल म्हण ठेवून द्या: 'थम-क्वय-सिक-ताउ-फू', भुताला गोडीगुलाबीने टोफू खाऊ घालतोयस होय? मी नाही त्यातली, असा अर्थ. मित्र नसेल तर गप्प बसून भाव विचारा.

मंडईतल्या त्या मावशींकडे मी अजून जाते. छॉय-सम आता मोजून घेते, एक कॅटी, म्हणजे सुमारे ६०५ ग्रॅम. मागच्या रविवारी त्या म्हणाल्या, "लेंग-नोय, तुझी कँटोनीज काय छान झालीय वो!" मी म्हटलं, "कोउ-मोउ केय-छिन आ?" ही उंच टोपी केवढ्याला?

मावशी एवढ्या जोरात हसल्या की शेजारचा मासेवाला बघायला आला. "टोपी फुकट," त्या म्हणाल्या, "भाजी चौदा डॉलर." मग आपल्याकडे कोथिंबिरीची चार काडं टाकतात तशी कांद्याची पात पिशवीत खोचली आणि माझ्या मागच्या आजोबांना हाक मारली, "लेंग-चय!"